कलेवर घर चालवण्याचा सांगली-साताऱ्यातला जुना हिशेब

नोकरी न धरता पूर्णवेळ चित्रकार, गायक किंवा नट व्हायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘आणि खाणार काय?’ सांगलीत हा प्रश्न १८५१ मध्येच विष्णुदास भाव्यांपुढे उभा राहिला होता.

सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या इच्छेवरून भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवलं, ते दरबारच्या खर्चानं आणि दरबारच्या प्रेक्षकांपुढं. तोट्याचा विचार करायचं कारणच नव्हतं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रय आटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. आपण दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो तो ‘सीतास्वयंवर’साठी. पोटापाण्याच्या बाजूनं पाहिलं तर मला मुंबईचं ते तिकीट जास्त महत्त्वाचं वाटतं. पैसे देणारा एक राजा जाऊन त्याच्या जागी अनोळखी गर्दी आली. राजाची मर्जी सांभाळायची गरज सरली, पण प्रवासखर्च, नटांची पंगत आणि रिकाम्या खुर्च्यांचा भुर्दंड मालकाच्या अंगावर आला. साधारण दहा वर्षांत भाव्यांनी हा व्याप आवरला.

पुढे या भागात ज्यानं ज्यानं स्वतःच्या हिमतीवर कला केली, त्याच्या वाट्याला ही अदलाबदल आलीच. नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांच्या कंपनीला, १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीला, प्रेक्षकांचा तुटवडा कधी नव्हता. तरी कंपनी कर्जात बुडाली, कारण रंगमंचावरच्या थाटाला कुणी लगाम घातला नाही. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या, आणि अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. नाव आणि शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिरजेत याला दोन वेगळी उत्तरं निघाली. पहिलं विष्णु दिगंबर पलुस्करांचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे संस्थानच्या आधारानं शिकलेले पलुस्कर १८९६ मध्ये मिरज सोडून निघाले. त्या काळी गवयाला दरबारात मिळे ती बिदागी, किती आणि कधी ते देणाऱ्याच्या मनावर. पलुस्करांनी तिकीट लावून जलसे केले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. शिकवणं हा मैफलीच्या जोडीचा उत्पन्नाचा पाय झाला. आज क्लास घेऊन महिन्याचा किराणा भागवणारा प्रत्येक गायक याच वाटेवर आहे. अर्थात पलुस्करांचा हिशेबही शेवटी कोलमडला, मुंबईच्या विद्यालयाची इमारत १९२४ मध्ये कर्जापायी लिलावात गेली.

दुसरं उत्तर जास्त टिकलं, आणि ते कारागिरांचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारांना धार लावण्याचं शिकलगारांचं काम संस्थानी लढाया संपल्यावर ओसरत चाललं होतं. त्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली. पंढरपूरकडचे मोठे कडू भोपळे, लाकूड, आणि वर्षानुवर्षं मुरलेला हात, यांतून मिरजेचा तंबोरा आणि सतार घडते. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. खरी मेख मात्र जवारीत आहे. घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, तार जिथं टेकते ती जागा म्हणजे जवारी. ती वाजवून वाजवून झिजते, आवाज बिघडतो, आणि वाद्य पुन्हा कारागिराकडे येतं. एकदा विकलेली वस्तू गिऱ्हाईकाला परत आणते. मैफल एकदा झाली की संपली, सतारमेकर गल्लीत तसं होत नाही.

चित्रकारांची गोष्ट साताऱ्याकडे, औंधात सुरू होते. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढणारे राजे. १९३८ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. गिऱ्हाईकच चित्रकार असला की घासाघीस कमी होत असावी! याच संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी. तिथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. मुखपृष्ठं, कथाचित्रं, व्यंगचित्रं अशी नगावर मोबदला मिळण्याजोगी कामं अशा मासिकांमुळे वाढली.

८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं विलीन झाली आणि राजे हे गिऱ्हाईक कायमचं गेलं. मग शाळेतला ड्रॉइंग मास्तर ही चित्रकाराची सुरक्षित जागा ठरली. ज्याला ती मिळाली नाही तो दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, गणपतीचे देखावे रंगवत राहिला. पुढे फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम थोड्याच वर्षांत गेलं. आता फोनवर ऑर्डर येतात, पोर्ट्रेटच्या, भिंतीवरच्या चित्रांच्या, लग्नपत्रिकांच्या. ॲडव्हान्स किती घ्यायचा, उरलेले कधी मागायचे, ही घालमेल भाव्यांच्या मंडळीला परकी वाटली नसती.

एक गोष्ट मात्र त्यांच्या वेळी नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा. पण कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगवलेल्या चित्राचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल, तर सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे तेच चित्र उद्या कॅलेंडरवर छापलं गेलं, तर तोंडी ठरवून काम घेतलेल्या चित्रकाराला मागायला काही उरत नाही.