पार्श्वभूमी : ऑइल बदलायच्या पाच हजारांचे दहा हजार कसे झाले

नवी गाडी घेतली की इंजिन ऑइल कधी बदलायचं याचे वर्षभरात तीन आकडे कानावर पडतात. पुस्तिकेत छापलेलं असतं, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, पाच हजाराला बदलून टाका, कंपनीचं काय जातंय. आणि घरातले काका किंवा सासरे, ज्यांनी कधीकाळी पद्मिनी चालवली आहे, ते तीन हजाराच्या वर जायलाच तयार नसतात. तिघेही अनुभवाचंच सांगत असतात. फक्त प्रत्येकाच्या डोक्यातलं इंजिन वेगळ्या काळातलं असतं.

फार मागे जायची गरज नाही. तेलाच्या दाटपणाला आकडे देण्याची पद्धत अमेरिकेत १९११ साली ठरली. तोवर ‘पातळ’, ‘मध्यम’ आणि ‘जाड’ एवढ्यावर भागत होतं. सुरुवातीच्या गाड्यांना ऑइल फिल्टरच नव्हता. तो १९२० च्या दशकात आला, आणि त्याआधी पाचशे-हजार मैलांवर तेल काढून टाकणं यात कुणाला वावगं वाटत नसे. पुढे अमेरिकेत ३,००० मैल हा आकडा रूढ झाला. किलोमीटरमध्ये तो ४,८२८ होतो. आपल्याकडचा ‘पाच हजार’ दिसायला जवळजवळ तेवढाच आहे, पण त्याला आपली अशी कारणं होती.

ती कारणं पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या बॉनेटखाली सापडतात. थंडीत सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे चोक ओढायचा. चोक ओढला की इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जायचं, त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली ऑइलमध्ये उतरायचं. पुष्कळांच्या गाडीचा चोक आत ढकलायचा राहूनच जायचा, आणि गाडी काळा धूर सोडत दोन चौक पुढे गेल्यावर कुणीतरी ओरडून सांगायचं. पेट्रोलमध्ये शिसं होतं, आणि ते शिसं इंजिनात साचू नये म्हणून मिसळलेल्या रसायनांतून आम्ल तयार व्हायचं. रस्ते धुळीचे होते. जीपसारख्या गाड्यांत एअर फिल्टर म्हणजे तेलाची एक वाटी असे, हवा तिच्यावरून जाताना धूळ तेलात अडकावी अशी अपेक्षा. बरीचशी अडकायची. उरलेली इंजिनात जायची आणि पिस्टनच्या रिंगा घासायची.

तेलही तसंच. एकाच ग्रेडचं तीस नंबर किंवा चाळीस नंबर, नंतर थंड-गरम दोन्हीला चालणारं २०डब्ल्यू-४०. पेट्रोल पंपाच्या एका कोपऱ्यात खड्डा असायचा, त्यावर गाडी चढवून ‘ऑइल-ग्रीसिंग’ व्हायचं. ड्रेन प्लग सोडला की डब्यात पडणारं तेल डांबरासारखं काळं असे, आणि मिस्त्री ते दोन बोटांत चोळून बघत असे. कचकच लागली तर धूळ, वास आला तर पेट्रोल, बोटावरून पाण्यासारखं सरकलं तर ‘तेल मेलं’. काम झालं की पुठ्ठ्याचा एक तुकडा तारेने बॉनेटखाली अडकवायचा, त्यावर पुढच्या बदलाचा किलोमीटर बॉलपेनने लिहिलेला. आज दाराच्या आतल्या पट्टीवर जो स्टिकर चिकटवतात, तो या पुठ्ठ्याचाच वारस.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ती इंजिनं तेल खायची. दर आठ-पंधरा दिवसांनी तेलाची पातळी दाखवणारी दांडी ओढून पाहायची आणि पाव-अर्धा लिटर वरून घालायचं, हे मालकाच्या अंगवळणी पडलेलं होतं. म्हणजे दोन बदलांच्या मध्ये ताजं तेल सतत आत जात होतं. आजचं धड इंजिन तेल फारसं खात नाही, म्हणून कुणी दांडी ओढत नाही, आणि पहिल्या दिवशी भरलेलं तीन-साडेतीन लिटर तेल वर्षभर एकटं झुंजतं.

दुचाकीवाल्यांचा इतिहास याहून वेगळा. टू-स्ट्रोक स्कूटरला ऑइल बदलणं हा प्रकारच नव्हता. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं, ते जळून जायचं, संपला विषय. गिअर ऑइल वेगळं असे, पण त्याची आठवण मेकॅनिकलाच. १९८५ मध्ये चार-स्ट्रोकची शंभर सीसी मोटरसायकल आली आणि तिची जाहिरात होती, पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. लोकांनी ती शब्दशः घेतली. जेमतेम लिटरभर तेल, तेच क्लचला, तेच गिअरला, तेच पिस्टनला, आणि मालकाला ते बदलायचं असतं हेच ठाऊक नाही. गॅरेजवाल्यांनी ‘दोन हजाराला बदला’ असा धोशा लावला तो या पिढीसाठी. चार वेळा सांगावं तेव्हा एकदा यायचे. मग चारचाकीच्या गिऱ्हाइकालाही तीच भाषा लागू झाली.

चित्र पालटलं ते १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यानंतर, पण हळूहळू. छोटी जपानी इंजिनं जास्त काटेकोर बनलेली होती. तरी खरा फरक इंधनाने केला. देशभर शिसं नसलेलं पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून मिळू लागलं. त्याच सुमारास कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. गाडीच्या मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ असं अभिमानाने मिरवायचे दिवस अनेकांना आठवत असतील. चोकची दांडीच गेली, तेलात उतरणारं पेट्रोल एकदम घटलं. डिझेलचा बदल याहून मोठा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे. एप्रिल २०२० पासून, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांच्या इंधनात ही मर्यादा दहा लाखांत दहा भाग आहे, म्हणजे जवळपास हजारपट कमी. गंधकाचं आम्ल मारण्यासाठी तेलात जो आम्लारी पदार्थ घातलेला असतो तो पूर्वी लवकर संपून जायचा. आता तो बराच काळ पुरतो.

तेल स्वतः सुधारलं ते वेगळंच. पेट्रोल इंजिनाच्या तेलाचा दर्जा सांगणारी अक्षरं २००१ मध्ये ‘एसएल’वर होती, २०१० मध्ये ‘एसएन’ झाली, २०२० च्या मे महिन्यात ‘एसपी’. कंपन्यांनी पाच हजारांचे दहा हजार केले ते या सगळ्याच्या जिवावर. आकडा वाढवायला सबळ कारणं होती, हे गॅरेजवाले मान्य करत नाहीत आणि तिथे ते चुकतात.

मात्र पुढचा घोळ कंपन्यांनी घातला आहे, आणि तो एका शब्दाचा आहे.

पुस्तिकेच्या मागच्या पानांत देखभालीचा तक्ता असतो. त्याखाली बारीक टाइपात दुसरा तक्ता, ‘खडतर वापरासाठी’. त्यात मुदत बहुधा निम्मी. खडतर म्हणजे काय? वारंवार छोटे पल्ले, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, उभ्या गाडीत बराच वेळ इंजिन चालू ठेवणं, धुळीचे रस्ते, कडाक्याची थंडी, डोंगराळ भागात ओझं ओढणं. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या माणसाने ही यादी वाचली तर थंडी आणि डोंगर सोडून सगळ्यावर खूण करावी लागेल. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्याने तर डोळे मिटून करावी. मग ‘साधारण वापर’ हा वरचा तक्ता छापलाय कुणासाठी?

या शब्दाचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे उणे तापमानात दोन-चार मैल जाऊन गाडी बंद केली की तेल तापतच नाही. आत जमलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर जमतो. या रोगाचं नाव ‘थंड तेल’. आपल्या शहरांतल्या कोंडीचा रोग याच्या नेमका उलटा. गाडी हलत नाही, वारा लागत नाही, इंजिन तापलेलं राहतं, तेल तासन्‌तास भाजत राहतं आणि किलोमीटरचा काटा मात्र जागचा हलत नाही. एक तेल न तापल्याने बिघडतं, दुसरं तापत राहिल्याने, आणि दोघांना औषध एकच लिहून दिलंय.

कंपन्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो पोकळ नाही. एका युरोपीय समूहाने आपल्या गाड्यांना तिकडे २००० सालच्या सुमारास ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांची मुदत दिली. ठरावीक तेल वापरलं आणि गाडीतल्या संगणकाने परवानगी दिली तर. त्याच समूहाच्या गाड्यांना भारतात १५,००० किंवा एक वर्ष आहे. म्हणजे आपल्या धुळीची आणि कोंडीची वजावट आकड्यात आधीच झालेली आहे, पुन्हा निम्मं कशाला करता, असं त्यांचं म्हणणं. पण मग त्याच पुस्तिकेत ‘खडतर’चा तक्ता का ठेवता, याचं उत्तर मिळत नाही. ठेवण्याचं कारण बहुधा अभियंत्यांपेक्षा वकिलांकडे असावं. इंजिन बसलं आणि वॉरंटीचा वाद झाला तर तो परिच्छेद दाखवता येतो.

लांब मुदतीचे चटकेही बसलेले आहेत. एका नामांकित जपानी कंपनीच्या १९९७ ते २००२ दरम्यानच्या काही इंजिनांत तेलाचा चिकट गाळ धरू लागला. आधी दोष मालकांच्या माथी मारला गेला, तेल वेळेवर बदललं नाही म्हणून, आणि मग कंपनीलाच दुरुस्तीचा भार उचलावा लागला.

माझं मत विचाराल तर मोजपट्टीच चुकली आहे. ट्रॅक्टरवाल्याला कुणी किलोमीटर विचारत नाही. त्याच्या डॅशबोर्डवर तासांचा मीटर असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या ‘अडीचशे तासाला तेल’ हे गणित चालत आलंय. जेसीबीला, जनरेटरलाही तेच. आता गाडीला हे लावून बघा. हायवेवर ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. शहरात ताशी २० च्या सरासरीने तेच १०,००० म्हणजे ५०० तास, ट्रॅक्टरच्या दुप्पट. शेतातल्या नांगरटीचा भार मोटारीवर नसतो, तेव्हा तुलना ताणायची नाही. पण मुंबई-पुणे करणाऱ्या टॅक्सीचं दहा हजारातलं तेल आणि शहरात फिरणाऱ्या घरगुती गाडीचं दहा हजारातलं तेल एका मापाने मोजणं कसं चुकतं, ते यावरून कळतं. बऱ्याच नव्या गाड्यांत सरासरी वेग पडद्यावर दिसतो. शेवटच्या बदलापासूनचे किलोमीटर त्याने भागले की तास हातात येतात. संगणकाला ते आधीच माहीत असतात, तो फक्त दाखवत नाही.

‘जे आधी होईल ते’ या शेपटाचा वाद २०२० मध्ये पेटला. लॉकडाउनमध्ये गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या होत्या. वर्ष भरलं, काटा दीड-दोन हजारही सरकलेला नाही, आणि सर्व्हिस सेंटरचा मेसेज आला. कंपन्यांनी तेव्हा मोफत सर्व्हिसची आणि वॉरंटीची मुदत वाढवून दिली. त्यावरून एका गटाने निष्कर्ष काढला की वर्षाची अट निव्वळ धंद्याची. तसं नाही. बंद डब्यातलं तेल वर्षानुवर्षं टिकतं. वापरलेल्या तेलात ओल आणि आम्ल आधीच शिरलेलं असतं, आणि ते उभ्या गाडीतही आपलं काम करत राहतं. पण तीन महिने उशीर झाला म्हणून इंजिन बसत नाही, हेही तेवढंच खरं.

बीएस-६ ने नवा गुंता आणला. डिझेल गाडीच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला. तो साफ करायचा तर काजळी जाळावी लागते, त्यासाठी बऱ्याच इंजिनांत जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडलं जातं, आणि त्यातलं काही खाली तेलात उतरतं. गाडी सलग पळत असेल तर ठीक. शहरात हे जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट राहतं. ऑइलची दांडी ओढून पाहिली तर पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर गेलेली! जुन्या मिस्त्रींनी हे आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. चोक गेला म्हणून सुटलेलं दुखणं मागच्या दाराने परत आलं. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांतही इंधन तेलात उतरण्याची तक्रार आहेच.

रंगावरून पारख करणाऱ्यांची तर दोन्हीकडून पंचाईत. डिझेलमध्ये ताजं तेल काहीशे किलोमीटरांतच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. सीएनजीत काजळी जवळपास नसते, म्हणून तेल मधासारखं दिसत राहतं. रिक्षावाले, टॅक्सीवाले दांडी पुसून म्हणतात, अजून चांगलंय की. ते आतून दाट होत गेलेलं असतं.

काढलेल्या तेलाचं काय होतं, हा भाग या चर्चेत फार उशिरा आला. आपल्याकडे ‘जळकं ऑइल’ कधी वाया गेलं नाही. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासलं, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावलं, आणि काही जणांनी गाळून परत डब्यात भरून विकलं. रिकामा डबा गिऱ्हाइकासमोर फोडायची पद्धत पडली ती यामुळेच. गॅरेजवाल्याचा ‘पाच हजार’ काही अंशी इथून येतो. डब्यावर लिहिलंय तेच आत आहे याची त्यालाही खात्री नसते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमाने उत्पादकांवर आली आहे. गल्लीतल्या गॅरेजमध्ये मात्र अजून तोच निळा ड्रम मागच्या भिंतीला टेकून उभा असतो, आणि महिन्यातून एकदा टेम्पोवाला येऊन तो मोजून घेऊन जातो.