दैवी आरोग्यदान : ख्रिस्ती शिकवणीची पारख

प्रार्थना, हात ठेवणे, तैलाभ्यंग किंवा येशूच्या नावाने केलेली आज्ञा यांद्वारे देव शारीरिक व्याधी बरी करतो, या ख्रिस्ती धारणेला दैवी आरोग्यदान म्हणतात. देव रोग बरे करू शकतो, हे जवळजवळ सर्वच ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. वाद त्याच्या पुढचा आहे. आरोग्य आजच आणि हमखास मिळते काय, ते कोणाच्या विश्वासावर अवलंबून असते, औषध घ्यावे की नाही, आणि रोगी बरा झाला नाही तर दोष कोणाचा? कोणतीही शिकवण पारखताना शेवटचा प्रश्न आधी विचारावा. बरे झालेल्यांविषयी सगळे प्रचारक सारखेच बोलतात. बऱ्या न झालेल्यांविषयी काय बोलतात, त्यातून शिकवणीतला फरक कळतो.

कॅथलिक चर्चमध्ये रुग्णाभ्यंग हा सात संस्कारांपैकी एक आहे. तो फक्त धर्मगुरू (बिशप किंवा पुरोहित) देऊ शकतो. कपाळ आणि हात यांना आशीर्वादित तेल लावले जाते. तेल ऑलिव्हचे असावे, ते न मिळाल्यास दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालते, असे १९७२ च्या सुधारित विधीत ठरले. पूर्वी हा संस्कार मरणोन्मुख माणसालाच देण्याची रीत पडली होती, म्हणून त्याला अंत्याभ्यंग म्हणत. संस्काराने मनाचे बळ आणि पापक्षमा मिळते. शरीराला आराम पडणे आत्म्याच्या हिताचे असेल तर तेही मिळते, अशी त्यामागची शिकवण. काही प्रॉटेस्टंट पंथांच्या मते चमत्काराची दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली, मात्र देव प्रार्थना ऐकतो. पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या ही दाने आजही चालू आहेत असे मानतात आणि अनेकदा आरोग्य ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तातच, म्हणजे माणसांच्या पापांसाठी त्याने सोसलेल्या मरणातच, सामावलेले आहे असे शिकवतात. विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेली ‘विश्वासाचे वचन’ ही चळवळ एक पाऊल पुढे गेली: आपण बरे झालो आहोत अशी मुखाने कबुली द्या, लक्षणे दिसली तरी ती मानू नका. ख्रिश्चन सायन्समध्ये तर आजार हाच भ्रम समजला जातो. बहुतेक चर्च त्या पंथाला आपल्यात गणत नाहीत.

सगळ्यात जास्त वापरले जाणारे वचन म्हणजे यशया ५३:५, ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’. आरोग्य हमखास मिळतेच, ही हमीची शिकवण यावर उभी आहे. हा अध्याय नव्या करारात दोन ठिकाणी वेगवेगळ्या अर्थाने येतो. मत्तय ८:१७ मध्ये तो कफर्णहूमातल्या रोग्यांना बरे करण्याच्या संदर्भात आहे, म्हणजे वधस्तंभाच्या आधीच्या घटनेला लावलेला आहे. १ पेत्र २:२४ मध्ये पाप आणि बहकलेली मेंढरे हा विषय आहे, ताप किंवा गाठ हा नाही. त्यामुळे आरोग्याचा आणि प्रायश्चित्ताचा काही संबंध नाही असे म्हणता येत नाही, पण ‘पापक्षमेसारखेच आरोग्यही मागताक्षणी मिळालेच पाहिजे’ हा निष्कर्ष वचनात नसून वचनावर लादलेला आहे. शरीराची पूर्ण सोडवणूक पुनरुत्थानात होईल, असे पौल रोमकरांस ८:२३ मध्ये लिहितो. वाट पाहण्याची ती मुदत हमीच्या प्रचारकाला अडचणीची वाटते.

याकोब ५:१४-१५ नीट वाचले तर रोगी प्रचारकाकडे जातात ती नेहमीची आरोग्यसभा उलटी दिसू लागते. तिथे दुखणाईत माणूस मंडळीच्या वडिलांना आपल्याकडे बोलावतो. प्रार्थना वडील करतात, आणि ‘विश्वासाची प्रार्थना’ त्यांची आहे. रोग्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला या उताऱ्यात जागाच नाही. योहान ५ मधला अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस बरा झाला तेव्हा त्याला येशू कोण हेही ठाऊक नव्हते. उलट बाजूला मार्क ६:५-६ आहे: नासरेथात अविश्वासामुळे फारसे काही घडले नाही. हा उतारा टाळून चालणार नाही. पण तो गावाच्या नकाराविषयी आहे, अंथरुणाला खिळलेल्या भक्ताविषयी नाही.

प्रेषितांच्या वर्तुळातही आजार होतेच. पौलाने ‘शरीरातला काटा’ काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्याच्या सहकाऱ्यांपैकी त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडले. एपफ्रदीत मरणाला टेकला होता. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे सांगितले. काटा म्हणजे नेमके काय, यावर वाद आहे, पण बाकीच्या तिघांबद्दल फारशी पळवाट नाही. मार्क १६:१८ वर, म्हणजे हात ठेवले की रोगी बरे होतील या वचनावर, एकट्यावर सिद्धांत उभारणेही धोक्याचे, कारण हा शेवटचा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या दोन जुन्या हस्तलिखितांत नाही.

दाव्याच्या पडताळणीचा नमुनाही बायबलमध्येच मिळतो. मार्क १:४४ मध्ये येशू बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला ‘याजकाला दाखव’ असे सांगतो, कारण लेवीय १४ प्रमाणे तपासणी तिथे होत असे. आजचा याजक म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. लूर्द या फ्रान्समधल्या कॅथलिक तीर्थक्षेत्री बरे झाल्याचे दावे तपासणारे वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून आहे. तिथले निकष अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी (पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट) यांनी मांडलेल्या कसोट्यांवरून आले: रोग गंभीर हवा, आपोआप ओसरण्याच्या बेतात नसावा, औषधाने गुण आलेला नसावा, बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवे. १८५८ पासून हजारो दावे नोंदले गेले, तरी २०१८ मध्ये चर्चने मान्य केलेला चमत्कार सत्तरावा होता. गाळणी इतकी बारीक आहे.

सभेत ‘मी बरा झालो’ अशी जी साक्ष दिली जाते, तिला हीच गाळणी लावावी. निदान कोणी, कशावरून केले? बायॉप्सी, थुंकीची तपासणी, एमआरआय असे काही आहे, की ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ एवढेच? सोबत कोणते उपचार चालू होते? सभेनंतर किती महिन्यांनी पुन्हा तपासले? अंडाशयातल्या साध्या गाठी दोन-तीन महिन्यांत बहुधा आपोआप जातात, मूतखडा पडून जातो, मल्टिपल स्क्लेरोसिसचे झटके येऊन ओसरतात. माणूस सभेला जातो तो दुखणे टोकाला पोहोचल्यावर, आणि टोकानंतर बहुधा उतार येतो. गर्दी, संगीत आणि उत्कंठा यांनी वेदना काही तास बोथट होते, म्हणून कुबडी फेकलेला माणूस दुसऱ्या दिवशी ती शोधतो. आखूड पाय लांब होण्याचा प्रकार बहुतेक वेळा बुटाची टाच सरकवून साधतो. अमेरिकी प्रचारक पीटर पॉपॉफ अनोळखी माणसांचे नाव आणि आजार ‘प्रकटीकरणाने’ सांगत; १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी दाखवून दिले की ती माहिती पत्नी कानातल्या रेडिओवरून पुरवत असे.

सामूहिक मोजमापही झाले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे माहीत नव्हते, त्यांच्यात गुंतागुंत प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के आणि न झालेल्यांत ५१ टक्के होती. प्रार्थना नक्की होणार हे सांगितलेल्यांत ५९ टक्के. घरच्यांच्या प्रार्थना वेगळ्या काढता येत नाहीत आणि देवाला प्रयोगात बांधता येत नाही, हे आक्षेप रास्त आहेत. मग तोच नियम साक्षींनाही लावायला हवा.

सर्वाधिक हानी औषध बंद करण्याने होते. क्षयरोगात खोकला काही आठवड्यांत कमी होतो, पण उपचार साधारण सहा महिने चालतात. मधे सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवले तर दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीच, जीव धोक्यात येतो. अपस्माराची गोळी एकदम सोडली तर लागोपाठ झटके येऊ शकतात. १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, धार्मिक कारणाने उपचार नाकारल्यामुळे १९७५ ते १९९५ या काळात मेलेल्या १७२ मुलांची नोंद आहे. त्यांतल्या १४० मुलांच्या आजारात उपचारांनी वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त होती. शिकागोजवळ झायन नगर वसवणाऱ्या जॉन अलेक्झांडर डोवी या आरोग्यदानाच्या प्रचारकांनी तिथे डॉक्टर आणि औषधे यांना मज्जाव केला होता.

महाराष्ट्रात याउलट, औषधोपचाराची ख्रिस्ती परंपराही बलवान आहे. मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले. केडगावच्या मुक्ती मिशनमधले १९०५ चे संजीवन (धार्मिक जागृतीची लाट) पेंटेकॉस्टल इतिहासात नोंदले जाते, म्हणजे उत्कट प्रार्थनेची धाराही इथे जुनीच आहे. कायद्याच्या बाजूने, कॅन्सर, मधुमेह इत्यादींवर चमत्कारिक उपायांची जाहिरात १९५४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. रोग्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना त्यात येत नाही. मंडळीच्या वडिलांनी घरी जाऊन तेल लावावे, प्रार्थना करावी, पैसे घेऊ नयेत, गोळ्यांच्या डब्याला हात लावू नये आणि आठवड्याने पुन्हा जावे, रोगी तसाच असला तरीही.