गैरसमज ओळखून शिकवणं (गणित आणि विज्ञान)

गणित-विज्ञान शिकवताना मुलांच्या डोक्यात आधीपासून काय बसलंय ते बाहेर काढायचं आणि त्यावरच काम करायचं, या पद्धतीबद्दल ही नोंद आहे. मुलं कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाहीत. जग कसं चालतं याचा अंदाज प्रत्येकाने लहानपणापासून बांधलेला असतो, आणि तो अंदाज कुणी विचारलाच नाही तर नवीन धडा त्याच्यावर नुसता लिंपला जातो, परीक्षा झाली की गळून पडतो.

साधं उदाहरण घ्या, नाणं वर उडवलं, हातातून सुटलंय आणि अजून वर चाललंय. आता त्याच्यावर कुठलं बल आहे? हवेचा विरोध सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण, खाली ओढणारं. पण न्यूटनचे तिन्ही नियम पाठ असलेली मुलंसुद्धा म्हणतात की हाताचं बल नाण्यात शिल्लक आहे, ते हळूहळू संपतं आणि मग नाणं खाली येतं. गणितातही तेच. 8 + 4 = □ + 5 असं दिलं की बरीच मुलं चौकटीत 12 लिहितात, काही 17 लिहितात, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं, दोन्ही बाजू सारख्या हा अर्थ कधी समोर आलेलाच नसतो (उत्तर 7). 0.35 हे 0.8 पेक्षा मोठं वाटतं ते 35 हे 8 पेक्षा मोठं म्हणून. हा मठ्ठपणा अजिबात नाही! पूर्णांकांत चालणारा नियम मुलाने पुढे ताणलाय एवढंच, आणि 'चूक' असा लाल शेरा मारून तो नियम जात नाही.

ही गोष्ट मोजता येते हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टिनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, 1992 मध्ये त्यांची बलाच्या संकल्पनेवरची टेस्ट आली, तिच्यात आकडेमोड जवळपास नाहीच, फक्त समज तपासतात. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी अशी टेस्ट आपल्या वर्गाला दिली तर एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला एरवी वाटतं तशी? मला वाटतं सगळा प्रश्न या एका वाक्यात आलाय. माझूर यांनी 1991 पासून लेक्चरची पद्धतच बदलली. थोडं शिकवायचं, मग एक संकल्पनेचा प्रश्न, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचं, आणि साधारण 30 ते 70 टक्के मुलांचं बरोबर आलं तर शेजाऱ्याशी बोलून पुन्हा उत्तर द्यायचं. ज्याला नुकतंच कळलंय त्याला आपण कुठे अडलो होतो ते ताजं आठवत असतं, म्हणून तो कधीकधी सरांपेक्षा चांगलं समजावतो. आधी एकट्याने उत्तर देणं मात्र वगळू नये, नाहीतर हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

1998 मध्ये फिजिक्सचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी 62 कोर्समधल्या 6542 विद्यार्थ्यांचे अशा टेस्टचे कोर्सआधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र केले. जेवढी सुधारणा शक्य होती त्यातली नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी 23 टक्के झाली, आणि मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत 48 टक्के. 2014 मध्ये 225 अभ्यासांचा आढावा आला त्यातही नापासाचं प्रमाण लेक्चरमध्ये सुमारे 34 टक्के आणि बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत 22 टक्के निघालं.

पण 'मुलांनाच शोधू दे' म्हणून सगळं सोडून देणं हा याचा अर्थ नाही. अगदी नवख्या मुलाला सोडवलेली उदाहरणं पायरी-पायरीने दाखवावीच लागतात, शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचं काम याच मुद्द्यावर आहे, एकाच वेळी फार गोष्टी डोक्यात धरायला लावल्या की शिकायला जागाच उरत नाही. शिवाय जुना गैरसमज एका चर्चेने मरत नाही, काही महिन्यांनी परत डोकं वर काढतो, म्हणून तोच प्रश्न वेगळ्या रूपात मधूनमधून विचारत राहावा लागतो.

आणखी एक अडचण मुलांच्या बाजूने येते. 2019 मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांत दिसलं की स्वतः झगडून शिकणारी मुलं टेस्टमध्ये जास्त शिकलेली निघाली, पण छान ओघवतं लेक्चर ऐकणाऱ्यांना आपणच जास्त शिकलो असं वाटत होतं. डोक्याला ताण पडला की आपल्याला काही येत नाही असं वाटतंच, त्यामुळे कोर्स सुरू होतानाच मुलांशी याबद्दल मोकळेपणाने बोलून घ्यावं लागतं.