डिझाइन प्रशिक्षणाला बसायचंय? आधी कारागीर म्हणून नोंद करा

नाशिक जिल्ह्यात येवल्यात पैठणी विणली जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर वारली चित्रं आणि बांबूचं काम चालतं, आणि गोधडी तर प्रत्येक तालुक्यात शिवली जाते. या हातकामाला नव्या डिझाइनची जोड देणारे सरकारी वर्ग मोफत असतात. अर्ज अडतो तो बाईच्या हातात कसब नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा तो भलत्याच दारात पडलेला असतो, नाहीतर दोन कागदांवर नाव दोन तऱ्हेचं असतं.

आपलं दार कोणतं?

मागावर विणत असाल तर हातमाग विभाग. तिथे विणकर ओळखपत्र लागतं आणि डिझाइनचं मार्गदर्शन मुंबईच्या विणकर सेवा केंद्राकडून मिळतं. कांड्या भरणारी, सांधणी करणारी बाईसुद्धा हातमागाची पूरक कामगार धरली जाते. 'माग नवऱ्याच्या नावावर आहे, मी नुसती मदत करते' असं सांगून स्वतःची नोंद सोडू नका.

वारली चित्रकला, बांबूकाम, हातभरतकाम हे हस्तकलेत येतं. त्यासाठी हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचं 'पहचान' ओळखपत्र. वय किमान 18 हवं.

मशीनवर कपडे शिवणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजनेत 'दर्जी' हा व्यवसाय आहे. टोपली, चटई, झाडू करणाऱ्याही तिच्या 18 व्यवसायांत बसतात. हातमाग विणकर बसत नाहीत. प्राथमिक प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचं, रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर. मात्र कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. नवऱ्याने सुतार म्हणून लाभ घेतला असेल तर बायकोचा अर्ज बाद होतो. अर्ज सीएससी केंद्रावर (सरकारी ऑनलाइन सेवांचं सामायिक सेवा केंद्र) होतो, पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. जाताना रेशनकार्ड न्या.

ओळखपत्र नसलं तरी आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, शिकता येतं: 30 दिवसांचं महिला शिवणकाम, 13 दिवसांचं ज्यूटच्या वस्तूंचं. बचत गटातल्या बाईने उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या सीआरपी ताईंकडून (गावातल्या समुदाय संसाधन व्यक्तीकडून) नाव द्यावं. हे वर्ग चांगले आहेत, पण भर शिवण आणि धंद्यावर असतो. ज्यांना आपल्या कलेतून नवी वस्तू घडवायची आहे, त्यांनी ओळखपत्राचीच वाट धरावी.

'पहचान'साठी कागद

आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक, फोटो. अनुसूचित जाती-जमातीच्या असाल तर जातीचा दाखला. कागद एवढेच, पण गोंधळ यातच होतो.

पहिलं म्हणजे नाव. आधारवर माहेरचं, पासबुकावर सासरचं, रेशनकार्डावर नुसतं पाळण्यातलं नाव, असं असेल तर अर्ज भरूच नका. आधी विवाह नोंदणी दाखला घेऊन आधार दुरुस्त करा, मग बँकेत तेच नाव लावा. उलट क्रमाने केलं तर बँकेच्या खेपा दोनदा होतात.

दुसरं खातं. 'आधार लिंक आहे' एवढ्यावर भागत नाही, खातं थेट लाभासाठी सीड झालेलं लागतं, म्हणजे आधार क्रमांकावर येणारे सरकारी पैसे याच खात्यात जमा व्हावेत अशी नोंद बँकेने केलेली लागते. दोन खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात आणि बाई दुसरंच पासबुक भरून आणते. देना बँकेचं जुनं पासबुक असेल तर त्यावरचा आयएफएससी (बँक शाखेचा कोड) चालणार नाही. ती बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आहे.

तिसरं बोटांचे ठसे. बांबू सोलणाऱ्या, मागावर बसणाऱ्या बायकांचे ठसे झिजतात आणि मशीन ते घेत नाही. आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. डोळ्यांच्या स्कॅनचीही सोय असते. 'समर्थ' या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या कौशल्य प्रशिक्षण योजनेच्या वर्गात हजेरीच बायोमेट्रिकवर असल्याने हे आधी उरकलेलं बरं.

अर्जात कलेचं नाव नेमकं लिहा. नुसतं 'पेंटिंग' नको, 'वारली चित्रकला' लिहा. पडताळणीला आलेले अधिकारी काम करून दाखवायला सांगू शकतात. म्हणून अर्धं झालेलं काम आणि हत्यारं हाताशी ठेवा. बाजारातून आणलेली तयार वस्तू दाखवून उपयोग नाही.

वर्ग आपल्या गावात हवा असेल

हस्तकला विभागाची डिझाइन कार्यशाळा एकटीच्या अर्जावर भरत नाही. नोंदणीकृत संस्था, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी प्रस्ताव देते, डिझायनर विभागाच्या ठरलेल्या यादीतला (पॅनेलवरचा) असतो आणि बायकांची यादी ओळखपत्र क्रमांकासह जोडावी लागते. त्यामुळे कार्ड आधी, प्रस्ताव नंतर. गटाने मासिक बैठकीत ठराव करून तो नावं-सह्यांसह इतिवृत्तात लिहावा आणि ग्रामसंघामार्फत (गावातल्या बचत गटांच्या संघामार्फत) संस्थेकडे द्यावा.

प्रस्तावाला नमुन्यांचे फोटो जोडा. पांढऱ्या कापडावर, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. प्रत्येक नमुन्याखाली माप, कच्च्या मालाचा खर्च आणि लागलेले तास लिहा. डिझायनरला सगळ्यात आधी हेच हवं असतं, आणि तास न लिहिल्यामुळेच बायका मजुरीत मार खातात.

नमुना करताना घाई नको. कोऱ्या मांजरपाटावर वारली काढली तर खळीमुळे रंग धरत नाही आणि पहिल्या धुण्यात कापड आटून चित्राला सुरकुत्या पडतात. कापड रात्रभर भिजवा, धुवा, इस्त्री करा, मगच रंगवा. फॅब्रिक रंग पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवा. 40 बाय 40 सेंमी अभ्र्याला कापड 43 बाय 43 कापा, म्हणजे चारही बाजूंना दीड सेंमी शिवण मिळते. दहा अभ्रे दहा मापांचे निघाले तर डिझाइन कितीही सुंदर असो, ऑर्डर परत येते. म्हणून कापण्याआधी पुठ्ठ्याचा एकच साचा करा आणि गटात सगळ्यांनी तोच वापरा.

अर्ज भरल्यावर मिळणारा क्रमांक गटाच्या वहीत उतरवून ठेवा. मोबाइल घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल तर ओटीपी आणि पडताळणीचा फोन तिकडेच जातो, तेव्हा शक्य तर स्वतःचं सिम आधारला जोडून घ्या.