से कॅथेड्रल
जुने गोवे येथील रोमन कॅथलिक प्रधान चर्च. गोवा व दमणच्या आर्चबिशपांचे धर्मपीठ. ‘से’ हा पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘सेदेस’ (आसन) पासून आला. ‘कॅथेड्रल’च्या मुळाशीही आसनच असल्याने हे नाव खरे तर द्विरुक्त; पण आता तेच रूढ आहे.

चर्च अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला अर्पण केलेले आहे. पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे या संतेच्या सणादिवशी, आदिलशाही सैन्याकडून गोवा शहर जिंकले. लगोलग उभारलेल्या साध्या चर्चला तिचे नाव मिळाले. १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा त्याला कॅथेड्रलचा दर्जा आला. आजची वास्तू त्यानंतरची. १५१० हे तिचे वर्ष म्हणून सांगितले जाते, ते या दोहोंची गल्लत झाल्याने.

आजच्या वास्तूचे काम पोर्तुगालचा राजा दों सेबास्तियांव याच्या कारकीर्दीत, बहुधा १५६२ मध्ये सुरू झाले. ‘पूर्ण कधी झाले?’ याचे उत्तर काय पूर्ण झाले यावर अवलंबून आहे. मुख्य बांधकाम १६१९ च्या सुमारास आटोपले, विधिपूर्वक अर्पण १६४० मध्ये झाले आणि वेद्यांचे (पूजापीठांचे) काम १६५२ पर्यंत रेंगाळले. काही ग्रंथांत हे चर्च डॉमिनिकन या कॅथलिक संन्यासी पंथासाठी बांधल्याचे म्हटले आहे. मात्र खर्च राजकोषातून, राजाच्या मालमत्ता विकून आलेल्या रकमेतून झाला. शिवाय ही जागा धर्मप्रांताची असल्याने ते विधान जपूनच घ्यावे.

वास्तुकार म्हणून आंतोनियू आर्गेरू व जूलियू सिमांव ही नावे येतात. सिमांवचे गोव्यातील काम सोळाव्या शतकाच्या अखेरचे आहे; जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान (प्रवेशद्वार) त्याच्याच नावावर आहे. त्यामुळे मूळ आराखडा त्याचा नसावा. दर्शनी भाग व पुढच्या टप्प्याशी त्याचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक वाटते.

इमारत जांभ्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. लांबी सुमारे ७६ मी., रुंदी ५५ मी., दर्शनी भागाची उंची ३५ मी. बाह्यरचना साध्या टस्कन, तर आतील स्तंभ पानांच्या नक्षीच्या कॉरिंथियन शैलीचे. मध्यवीथीवर (मधल्या लांब दालनावर) अर्धनळीच्या आकाराचे कमानी छत आहे. आडवी वीथी जिथे तिला छेदते तिथे मात्र फासळीदार छत येते. दोन्ही बाजूंना चार-चार उपमंदिरे असून त्यांपैकी चमत्कारी क्रूसाच्या उपमंदिरापुढे कोरीव लाकडी जाळी आहे. हा क्रूस वाढत असल्याची श्रद्धा आहे. मुख्य वेदीच्या मागील सोनेरी लाकडी फलकावर संत कॅथरीनच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत.

पूर्वाभिमुख दर्शनी भागाला दोन मनोरे होते. उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला (वीज पडल्याने, असे सामान्यतः सांगतात) आणि पुन्हा बांधला गेला नाही. त्यामुळे समोर उभे राहिले की डाव्या हाताला मनोरा दिसतो आणि उजवीकडे वास्तू एकदम खाली उतरते. उरलेल्या मनोऱ्यातील ‘सोनेरी घंटा’ तिच्या नादामुळे त्या नावाने ओळखली जाते, धातूमुळे नव्हे.

१९८६ मध्ये जुन्या गोव्यातील चर्च व मठांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत हे चर्च आहे. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष बॉम जेझूस बासिलिकेतून दर दहा वर्षांनी दर्शनासाठी येथेच आणतात.