थेंबांची गर्दी आणि खुर्चीची मागची बाजू

गेल्या लग्नसराईत जळगावच्या एका मंगल कार्यालयात, दोन लग्नांच्या मधल्या तासाभरात, एक तरुण पाठीवर पंप घेऊन खुर्च्यांवर औषध फवारत होता आणि ‘हे करंटवाले मशीन आहे, जंतू करंटनेच मरतात’ असे अभिमानाने सांगत होता. हा समज बराच पसरलेला आहे. अशा यंत्राच्या स्थितविद्युत फवारणीत, म्हणजे थेंबांना विद्युत प्रभार (चार्ज) देऊन केलेल्या फवारणीत, वीज जंतूंना मारत नाही. ती जंतुनाशकाच्या थेंबाला पृष्ठभागापर्यंत पोहोचवते आणि मारण्याचे काम जंतुनाशकच करते.

साध्या पंपाचा थेंब समोर आदळतो किंवा खाली पडतो, त्यामुळे खुर्चीची मागची बाजू कोरडीच राहते. करंटवाल्या पंपाच्या नोझलपाशी उच्च व्होल्टेजचा इलेक्ट्रोड असतो आणि द्रावणाची धार फुटून थेंब होत असतानाच प्रवर्तनाने, म्हणजे इलेक्ट्रोडच्या स्पर्शाविना केवळ त्याच्या जवळिकीने, सर्व थेंबांवर एकाच प्रकारचा प्रभार येतो. पुढचे स्पष्टीकरण बहुधा असे दिले जाते की, प्रभारित थेंब जवळ आला की धातूच्या पृष्ठभागावर विरुद्ध प्रभार गोळा होतो आणि थेंब त्याकडे ओढला जातो. हे खरे आहे, पण अपुरे आहे. ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. चाळीस मायक्रॉनच्या, म्हणजे केसापेक्षाही बारीक थेंबावरचा नेहमीचा प्रभार धरला, तर ती थेंबाच्या वजनाहून जास्त होते ती पृष्ठभाग मिलिमीटरहूनही जवळ आल्यावरच. मग दोन-तीन फुटांवरून थेंब खुर्चीच्या मागे जातो कसा?

त्याला गर्दी लोटते. भुसावळच्या फलाटावर गाडीचे दार उघडले की पुढचा माणूस स्वतः चढत नाही, मागचेच त्याला आत ढकलतात. तसेच, समान प्रभाराचे असंख्य थेंब एकमेकांना दूर सारतात, सगळा ढग फुगत जातो आणि त्याच्या विद्युतक्षेत्राच्या रेषा, म्हणजे प्रभारित थेंब ज्या दिशेने लोटला जातो त्या वाटा, भूसंपर्कित (जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडलेल्या) वस्तूंवर जाऊन संपतात. त्यांतल्या काही वळसा घालून मागच्या बाजूवर पोहोचतात. थेंब साधारण त्याच वाटेने जातात आणि शेवटच्या केसभर अंतरात ती ओढ त्यांना चिकटवते. अरुंद फटीत किंवा खणाच्या आत मात्र क्षेत्र शिरत नाही, कारण रेषा कडांवरच संपतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरचा प्रभार जमिनीत लवकर जात नाही आणि तो साचला की पुढच्या थेंबांना परत लोटतो. आपल्याकडच्या कार्यालयांत तर बहुतेक खुर्च्या प्लॅस्टिकच्याच असतात.

हे तंत्र मुळात शेतीचे आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात एडवर्ड लॉ यांनी पिकांच्या फवारणीसाठी असे नोझल विकसित केले. पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचवताना किती कष्ट पडतात, हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला वेगळे सांगायला नको.

पिकावरचे औषध आणि माणसांवरचे औषध यांत फरक मात्र ठेवायला हवा. 2020 मध्ये गावोगावी माणसांवरच जंतुनाशक उडवणारे बोगदे उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच एप्रिलमध्ये त्याविरुद्ध सूचना काढली, तरी ते दिखाऊ बोगदे पुढेही काही काळ टिकले. बारीक थेंब श्वासातून आत जातात. म्हणून फवारणी करताना हॉल रिकामा असावा, अन्न झाकलेले किंवा हलवलेले असावे, फवारणाऱ्याकडे योग्य मास्क, चष्मा आणि हातमोजे असावेत, नंतर खिडक्या उघडाव्यात आणि ज्या द्रावणाच्या लेबलवर अशा फवारणीची परवानगी आहे तेच वापरावे. धूळ आणि तेलकटपणा आधी पुसावा लागतो. मळाखालच्या जंतूला थेंब गाठत नाही.

खान्देशातली खरी अडचण उन्हाळ्याची आहे. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत चाळीस मायक्रॉनचा पाण्याचा थेंब एक-दोन सेकंदांतच विरून जाऊ शकतो, म्हणून नोझल जवळ धरावे लागते. त्यातही अनेक जंतुनाशकांना पृष्ठभाग दहा मिनिटांपर्यंत ओला हवा असतो. त्या दुपारी हॉलमधले सगळे पंखे सुरू होते. तरुणाने फवारलेल्या खुर्चीच्या पाठीवर मी बोट फिरवले, तर ओलावा जेमतेम होता, आणि दुसरी रांग फवारून होईपर्यंत तोही वाळला. त्याला आधी पंखे बंद करायला सांगितले.