कुकरातलं मटण मऊ होतं, मग खरपूस का होत नाही?

सोलापुरात आता बऱ्याच घरात ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आलाय आणि लोक रोस्ट बीफचे व्हिडिओ बघून बोकडाची आख्खी रान, म्हणजे मांडी, तशीच भाजायला घेतात. बाहेर येते ती वरून करडी आणि आतून चिवट. मग सगळे म्हणतात मसाला कमी पडला. मसाल्याचा काय संबंध नाही हो, मटणात दोन वेगळी कामं असतात आणि दोन्हीला वेगळं तापमान लागतं, आपण ती एकाच वेळी उरकायला जातो.

पहिलं काम वरचं. भाजलेल्या मटणाचा तो खमंग वास म्हणजे मायार्ड रिअ‍ॅक्शन, लुई कामिय मायार्ड या फ्रेंच माणसानं १९१२ साली मांडलेली. प्रोटीनमधली अमिनो आम्लं आणि साखर तापल्यावर एकमेकांशी जुळतात आणि त्यातून वासाचे शेकडो पदार्थ तयार होतात. पण ती जोरात चालायला साधारण १४० अंश तरी पाहिजेत, आणि मांसात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. पृष्ठभाग ओला असेपर्यंत सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात जाते, तापमान शंभरच्या वर सरकतच नाही. ज्वारीच्या भाकरीवर पाणी फिरवतो बघा, ते वाळल्याशिवाय डाग पडतात का? तेच इथं. कुकरात दाबामुळं १२० अंशापर्यंत जातं पण सगळा ओला कारभार, म्हणून मऊ होतं, खरपूस नाही.

म्हणून आदल्या रात्री रानीला मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडीच ठेवायची. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी परत आत मुरतं, प्रोटीन थोडं सैल होऊन भाजताना पाणी धरून ठेवतं आणि वरची कातडी कोरडी पडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं असतो तेव्हा ओट्यावर ठेवायचा विचारसुद्धा नको.

आता आतलं काम. रोस्ट बीफला पाठीकडचे कमी राबलेले स्नायू घेतात, म्हणून ते आत ५५-५७ अंशांना गुलाबी असतानाच काढलं तरी मऊ लागतं (अमेरिकेचं कृषी खातं मात्र ६३ अंश आणि वर ३ मिनिटं थांबा म्हणतं). आपल्याकडं महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाचंही मांस बंद आहे, म्हशीचं चालतं, पण बहुतेक घरात प्रश्न बोकडाचाच. बोकडाची मांडी म्हणजे दिवसभर चालणारा, चढणारा स्नायू. त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूला बांधून ठेवणारं चिवट प्रोटीन, भरपूर. ६०-६५ अंशांना ते आक्रसतं आणि मांसातलं पाणी पिळून काढतं, इथंच थांबलात तर चामडं. पुढं ८०-९० ला निवांत तास-दोन तास ठेवलं की तेच कोलॅजन विरघळून मऊ, चिकट जिलेटिन होतं, आणि पाणी गेलं असलं तरी घास रसदार लागतो.

तर आधी फॉइलमध्ये गुंडाळून ओटीजीत १५० वर अडीच-तीन तास, काटा सहज घुसेपर्यंत. मग फॉइल काढायची, वरचं पाणी टिपून घ्यायचं, शेंगातेल लावायचं आणि २२० वर पंधरा-वीस मिनिटं. आधी जोरात भाजलं की रस आत कोंडला जातो असं लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टनं १८४७ मध्ये लिहिलं आणि लोक अजून तेच सांगतात, पण भाजलेल्या थरातून पाणी आरामात बाहेर पडतं, कढईत चरचरतं ते काय असतं मग? भाजायचं ते चवीसाठी.

काळा मसाला सुरुवातीला थापू नका, २२० ला जळून कडू होतो. शेवटी ट्रेमध्ये खाली चिकटलेलं खरपूस असतं ना, त्यात फॉइलमधलं पाणी ओतून खरवडायचं आणि मसाला, लसूण तिथं घालायचा, खरी चव तिथं जमलेली असते. लोक नेमका तोच ट्रे घासायला टाकतात.